चला बोटीवर... पण आधी हे विचारा!

मैत्रिणींनो, सध्या लग्नाच्या पंगतीत बसले काय, दवाखान्यात नंबर लावून बसले काय, कोणी ना कोणी शेजारी सरकतं आणि हळूच विचारतं, "बाई, ते क्रूझचं किती पडतं हो?" मागच्या हिवाळ्यात आम्ही पवनारच्या सहा जणी मुंबई-गोवा बोटीने जाऊन आलो, त्याचा हा परिणाम. प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावं, म्हणून हा लेखप्रपंच.

पवनारपासून समुद्र साडेसातशे किलोमीटरवर. आमची पाण्याशी ओळख म्हणजे धाम नदी. तिच्या काठावरचा विनोबांचा आश्रम, गांधीजींच्या अस्थी जिथे विसर्जित झाल्या ती जागा आणि १२ फेब्रुवारीचा मेळा. त्यामुळे आम्ही बोटीने जाणार हे गावात कळलं तेव्हा समोरच्या आजींनी सरळच विचारलं, "कायले जाता वो तुमी बोटीवर? देव नाही, देवस्थान नाही. पाणीच पाहाचं असन त आपली धाम काय वाईट हाय?"

दुसऱ्या एकाने तर टोमणाच मारला, "विनोबांच्या गावच्या बायका आणि क्रूझ?"

हसण्यावारी नेलं, पण प्रश्न खोटा नव्हता. बाईने तीर्थयात्रेला जावं, लग्नाला जावं, बाळंतपणाला जावं. घरात कोणी काही म्हणत नाही. पण नुसतं 'मला बघायचंय' म्हणून स्वतःच्या पैशाने जावं, हे अजून आपल्याकडे पचत नाही. आमच्यातल्या एका काकूंचा मुलगा तिला समजावत होता, "आई, त्यापेक्षा काशीला जाऊन ये, मी पैसे देतो." काकू म्हणाल्या, "तू पैसे देशील म्हणूनच नाही जायचं रे. हे माझे आहेत."

काकूंचं म्हणणं खरंच होतं. आम्ही सहा जणींनी बँकेत आपापल्या नावावर आरडी काढली होती. महिन्याला हजार रुपये, तीस महिने. कोणी शिवणाचे टाकले, कोणी पेन्शनचे, कोणी दुधाचे. बचत गटाच्या पैशाला हात लावला नाही, कोणी कर्ज काढलं नाही. उसनवारी करून बोटीवर जाऊ नये, हे माझं पहिलं सांगणं. सहल तीन दिवसांत संपते, हप्ते संपत नाहीत. आमची सातवी मैत्रीण लेकीच्या कॉलेजची फी आली म्हणून शेवटच्या क्षणी थांबली. ती बरोबर वागली. तिची आरडी मोडलेली नाही, पुढच्या वर्षी ती जाईल.

बोट आपल्याला नवी नाही

क्रूझ हा शब्द नवा असेल, बोट नवी नाही. कोकणातल्या घरांत विचारा. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटीने चाकरमानी रत्नागिरी, विजयदुर्ग करत गोव्यापर्यंत जायचे. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही नावं तिकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. ज्या गावाला धक्का नव्हता तिथे बोट समुद्रात उभी राहायची आणि माणसं पडावात बसून काठाला यायची.

आणि बाईमाणसाचं म्हणाल, तर १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघं अठरा. समुद्र ओलांडला की जात जाते, असं मानण्याचा तो काळ. सोबत नवरा नव्हता. त्या डॉक्टर व्हायला गेल्या, आपण हौसेला जातो, तुलना नाहीच. पण 'बाई आणि बोटीवर?' म्हणणाऱ्याला एवढं सांगायला हरकत नाही.

कोणती बोट, किती दिवस?

मुंबईहून सुटणाऱ्या बोटींची नावं बदलत असतात. २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली होती, ती करोनाच्या काळात थांबली ती थांबलीच. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागली. परदेशी कंपन्यांच्या बोटीही कधी कधी एखाद्या हंगामापुरत्या येतात. म्हणून 'शेजारणीने अमुक बोट सांगितली' यावर जाऊ नका. तुम्ही जाणार त्या महिन्यात कोणती बोट कुठे जातेय, ते आधी बघा.

साधारण तीन पर्याय असतात.

दोन रात्रींची बोट: मुंबईहून निघून समुद्रात फिरून परत, किंवा गोव्यापर्यंत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बोट मानवली नाही तरी दोनच रात्रींचा प्रश्न असतो.

चार-पाच रात्रींची लक्षद्वीपची बोट: निळंशार पाणी बघायचं तर हीच. पण तिथे मोठ्या बोटीला लागायला धक्का नाही. बोट समुद्रात उभी राहते आणि छोट्या होडीतून बेटावर जावं लागतं, जुन्या कोकणातल्या पडावासारखं. त्या होडीत पाय टाकताना गुडघे धड हवेत. समुद्र खवळलेला असेल तर उतरणं रद्दही होतं. शिवाय लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना लागतो. तो कंपनी काढणार की आपण, हे विचारून घ्या.

सिंगापूरहून सुटणारी बोट: टूर कंपन्या सिंगापूर-मलेशियाच्या सहलीला ही जोडून देतात. पासपोर्ट तर लागतोच. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, बोट सिंगापूर सोडून दुसऱ्या देशात जाऊन परत सिंगापूरला येते, म्हणजे तुमचा तिथे दोनदा प्रवेश होतो. व्हिसा दोनदा प्रवेश देणारा आहे ना, हे टूरवाल्याकडून लेखी घ्या.

मुंबई-गोवा बोटीला पासपोर्ट लागत नाही. आधार किंवा मतदार ओळखपत्रासारखं सरकारी फोटो ओळखपत्र चालतं. मात्र मूळ कार्ड सोबत ठेवा आणि तिकिटावरचं नाव कार्डावरच्या नावाशी जुळवून घ्या. माहेरचं नाव, सासरचं नाव या गोंधळात आपणच बायका अडकतो, पुरुष नाही!

आणि बोटीचीच भीती वाटत असेल तर? एक स्वस्त परीक्षा आहे. मुंबईला कधी गेलात तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत बसा. मार्च २०२० पासून ती चालू आहे. तासाभराचा प्रवास आहे, आणि पाण्यावर आपल्याला कसं वाटतं ते तेवढ्यात कळतं.

खोली निवडताना

खरा फरक पडतो तो खोलीने. खोल्यांचे मुख्य प्रकार तीन. आतली, म्हणजे खिडकी नसलेली, समुद्राकडे खिडकी असलेली, आणि बाल्कनीची. आतली सगळ्यात स्वस्त. आमच्यातल्या दोघींनी तीच घेतली. सकाळचे आठ वाजले तरी मध्यरात्रीसारखा अंधार! पण दिवसभर आम्ही वर डेकवरच होतो, त्यामुळे दोघींची तक्रार नव्हती. बंद जागेत ज्यांचा जीव घाबरतो, त्यांनी मात्र थोडे जास्त पैसे घालून खिडकी घ्यावी. बाल्कनीचा सोस पहिल्या खेपेला नको. समुद्र सगळ्यांना सारखाच दिसतो, डेक सगळ्यांचा असतो.

आता चार गोष्टी, ज्या जाहिरातीत कोणी सांगत नाही.

एक, बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची खोली सगळ्यात कमी हलते. पुढचं टोक आणि वरचे मजले जास्त हलतात. आपल्या लाकडी पाळण्याचं उदाहरण घ्या. टोकाला बसलेल्याला जास्त झोका, मधल्याला कमी.

दोन, नाचगाण्याच्या सभागृहाच्या अगदी वर किंवा खाली खोली नको. रात्री एक वाजेपर्यंत ढोल ऐकावे लागतील. बोटीचा नकाशा मागा आणि त्यावर आपली खोली शोधा.

तीन, भाव माणशी लिहिलेला असतो, पण तो एका खोलीत दोघं धरून. एकटी बाई गेली तर तिला जवळजवळ दोघांचे पैसे भरावे लागू शकतात. म्हणून जोडीदारीण शोधा. घोरणारी नको, एवढं बघून घ्या!

चार, तिसरी आणि चौथी व्यक्ती स्वस्तात पडते खरी, पण तिचा पलंग बहुधा वर असतो आणि शिडीने चढावं लागतं. आमच्या सहा जणींत तिघींचे गुडघे दुखरे. म्हणून दोन खोल्यांऐवजी तीन घेतल्या. पैसे थोडे जास्त गेले, पण रात्री कोणाला शिडी उतरावी लागली नाही.

'पासून' हा शब्द नीट वाचा

जाहिरातीत मोठ्या अक्षरात आकडा असतो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'पासून'. सगळी मेख या शब्दात. समजा, 'माणशी १८,००० पासून' असं लिहिलंय. त्यात बंदराचं शुल्क धरलंय का? कर धरलाय का? कर्मचाऱ्यांची टिप तिकिटात आहे की शेवटच्या दिवशी बिलात येणार? हा भाव कोणत्या तारखेचा? दिवाळी, नाताळ आणि शाळेच्या सुट्ट्यांत तोच आकडा कितीतरी वर जातो. आठवड्याच्या मधले दिवस आणि परीक्षांचा काळ स्वस्त पडतो. ज्यांची मुलं मोठी झाली आहेत अशा आपल्यासारख्यांनी याचा फायदा घ्यावा.

जेवण, चहा-नाश्ता, रात्रीचे मुख्य कार्यक्रम, पोहण्याचा तलाव हे बहुतेक तिकिटात असतं. शीतपेयं, इंटरनेट, मसाज, दुकानं, काही खास हॉटेलं आणि गोव्याला उतरल्यावरची सहल हे वेगळं. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. एक कार्ड देतात, तेच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. दिसायला खर्च होत नाही, पण बिल वाढत जातं. रोज रात्री काउंटरवर जाऊन आपलं बिल बघायचं, हा नियम आम्ही केला होता. कॅसिनोही असतो. लांबून बघायला पैसे पडत नाहीत!

या सगळ्यावर वर्धा-मुंबईचं रेल्वेचं तिकीट आणि मुंबईतली एक रात्र धरा. आम्ही आतली आणि खिडकीची खोली घेऊन, आठवड्याच्या मधल्या तारखा धरून, घरापासून घरापर्यंत तीस हजारांच्या आत बसवलं. पण आमचा आकडा तुमचा नव्हे. कागदावर स्वतःचा हिशेब मांडा आणि वर दोन-तीन हजार बाजूला ठेवा.

रद्द केलं तर काय, हेही पैसे भरण्याआधीच विचारा. तारीख जवळ येत जाते तसे कापले जाणारे पैसे वाढत जातात. हवामानामुळे कप्तान एखादं बंदर वगळू शकतो, ते बहुतेक कंपन्यांच्या अटींतच लिहिलेलं असतं.

कधी जायचं आणि कसं पोहोचायचं?

आपल्या पश्चिम किनाऱ्याचा समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो. मुंबईहून बोटींचा हंगाम ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात शांत. एप्रिल-मेमध्ये डेकवर दुपारी पाय ठेववत नाही, आणि घाम तर विचारू नका. आपल्याकडे वर्ध्याला ऊन जास्त, पण ते कोरडं. समुद्रावरचं चिकट असतं.

विदर्भ एक्स्प्रेस आणि सेवाग्राम एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या वर्ध्याहून थेट मुंबईच्या सीएसएमटीला जातात. मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला, स्टेशनपासून टॅक्सीने जवळच. तिथे नवीन मोठी इमारत झाली असून सप्टेंबर २०२५ मध्ये तिचं उद्घाटन झालं. पण एक गोष्ट कधीही करू नका. ज्या दिवशी बोट त्याच दिवशी सकाळी मुंबईत उतरायचं, असा बेत नको. गाडी चार तास लेट झाली तर? सामान तपासणी आणि नोंदणीची खिडकी बोट सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होते, आणि बोट कोणासाठी थांबत नाही. एक दिवस आधी जा. नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे, नसतील तर लॉजमध्ये राहा. दुसऱ्या दिवशी ताज्यातवान्या होऊन निघा.

बोट लागते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न! गाडी लागते तशी बोटही लागते, पण सगळ्यांना नाही. आता मोठ्या बोटींना दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंखांसारखे भाग असतात, त्यामुळे झोके बरेच कमी होतात. आम्हा सहा जणींत एकीला पहिल्या रात्री मळमळलं, बाकीच्या ठणठणीत.

असं का होतं, ते कळलं तर उपायही कळतो. आपला कान शरीराला सांगतो की आपण हलतोय. पण बंद खोलीत डोळ्यांना भिंत स्थिर दिसते. या दोघांचं जुळत नाही, म्हणून पोटात ढवळतं. म्हणून मळमळ सुरू झाली की खोलीत पडून राहू नका. वर उघड्यावर या आणि लांब, जिथे आभाळ आणि पाणी मिळतं तिथे नजर लावा. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. आलेपाकाची वडी, लिंबू जवळ असू द्या. गोळी घ्यायची तर बोट सुटण्याआधी घ्यावी लागते. उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. पण गोळीने झोप येते, आणि बीपी, काचबिंदू वगैरे असेल तर ती प्रत्येकीला चालतेच असं नाही. म्हणून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

साखरेच्या, बीपीच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घ्या. बोटीवर डॉक्टर असतो, पण तपासणीचे पैसे वेगळे लागतात आणि तुमची नेहमीची गोळी मिळेलच असं नाही. सून किंवा लेक दिवसांत असेल तर आधी नियम विचारा. प्रवास संपेपर्यंत चोवीस आठवडे पूर्ण होत असतील तर बहुतेक कंपन्या बोटीवर घेत नाहीत. अगदी तान्ह्या बाळांनाही घेत नाहीत.

पिशवीत काय?

मोठं सामान बंदरावरच घेतात आणि नंतर खोलीपाशी आणून ठेवतात, त्याला कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून ओळखपत्र, औषधं, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा.

साडी नेसलात तरी चालतं, कोणी बघत नाही. पण डेकवर वारा असा सुटतो की पदर सांभाळता सांभाळता सूर्यास्त निघून जातो. सेफ्टी पिना भरपूर घ्या, नाहीतर सरळ सलवार-कमीज. पायात रबरी तळाची चप्पल किंवा बूट हवेत, डेक ओला असतो. आत एसी कडक, शाल हवीच. तलावात उतरायचं असेल तर पोहण्याचा पोशाख लागतो.

इस्त्री, पाण्याची किटली, उदबत्ती, निरांजन, काडेपेटी नेऊ नका. बोटीवर आगीला सगळ्यात जास्त घाबरतात. आमच्यातल्या एकीने रोजची पूजा नुसत्या फोटोला हात जोडून केली. घरचं खाणंही अनेक बोटींवर नेऊ देत नाहीत. आपले चिवड्याचे डबे तपासणीत अडकण्याआधी नियम विचारा. शाकाहारी आणि जैन जेवण मुंबईच्या बोटीवर मिळतं, उपाशी राहायची पाळी येत नाही.

मोबाईलचं एक महत्त्वाचं. किनारा सुटला की थोड्या वेळात रेंज जाते. मग बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क फोन आपोआप पकडू शकतो आणि त्याचं बिल भयंकर येतं. म्हणून बोट सुटली की फोन 'एरोप्लेन मोड'वर टाका. फोटो निघतातच. घरी आधी सांगून ठेवा, 'दोन दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका.'

भोंग्याकडे दुर्लक्ष नको

बोटीवर पहिल्याच दिवशी सुरक्षेची कवायत असते. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. बरेच जण कंटाळा करतात. मैत्रिणींनो, तुम्ही करू नका. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. जुन्या मुंबईकरांना ती अमावास्या अजून आठवते. अगदी अलीकडचं सांगायचं तर जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही मोठी क्रूझ बोट खडकावर आदळून कलंडली, ३२ जणांचा जीव गेला. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत झालीच पाहिजे.

आपल्या जमण्याच्या जागेचा क्रमांक कार्डावर आणि खोलीच्या दारामागे लिहिलेला असतो. तिथपर्यंत जिन्याने एकदा चालून बघा. लाइफ जॅकेट घालून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता मजा!

बोटीवर रोज कार्यक्रमांचा कागद मिळतो. तो बघून घाबरायला होतं! नाच, जादू, खेळ, सिनेमा... सगळं बघायला धावलात तर घरच्यापेक्षा जास्त दमाल. दिवसाला दोन गोष्टी निवडा, बाकी सोडून द्या. गोव्याकडे जाताना डाव्या अंगाला किनारा आणि सूर्योदय, उजव्या अंगाला सूर्यास्त, परतताना उलट. पहाटे साडेसहाला डेकवर गर्दी नसते. ती वेळ चुकवू नका.

जेवणाच्या टेबलांवर पन्नास पदार्थ मांडलेले असतात. आधी एक चक्कर मारून नुसतं बघा, मग थोडं थोडं वाढून घ्या. ताटात डोंगर रचून टाकून देणारे पाहिले की जीव तुटतो. आम्ही तर अशा गावच्या, जिथे विनोबांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात बायका स्वतःच्या श्रमावर साधेपणाने राहत आल्या. 'आम्ही क्रूझवर जाऊ, पण पानात टाकणार नाही' एवढं आम्ही पाळलं. आणि जेवणाआधी साबणाने हात धुवाच. एवढी माणसं एकाच ठिकाणी जेवतात, तिथे जुलाब-उलट्यांची साथ पसरायला वेळ लागत नाही.

गोव्याला बोट मुरगावला लागते. तिथून मंगेशी साधारण तासाभराच्या रस्त्यावर. सहा जणींत एक मोठी गाडी केली तर परवडते. पण परतीची वेळ घड्याळात नाही, डोक्यात ठेवा आणि निदान तासभर आधी बोटीवर या.

दुसऱ्या दुपारी काकू डेकवरच्या खुर्चीत तीन तास नुसत्या बसून होत्या. कार्यक्रमाला चला म्हटलं तर म्हणाल्या, "बसू दे मले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा असा दिवस आला. 'आज भाजी कोणती करू' हे मी कोणाले विचारलं नाही, अन् मले बी कोणी विचारलं नाही." समोरच्या आजींच्या 'कायले जाता वो?' या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

तेव्हा जाहिरात दिसली की लगेच पैसे भरू नका. ती घरी आणा, खालचे प्रश्न तिच्या पाठीमागे लिहा आणि एजंटसमोर जाऊन बसा. उत्तरं लेखी मिळाली तरच पुढचं बोला. आणि आरडी आजपासून सुरू करा. स्वतःच्या नावावर.

एजंटला विचारायचे दहा प्रश्न

१. एकूण रक्कम किती? बंदर शुल्क, कर, टिप धरून.
२. खोली कोणत्या मजल्यावर, मध्ये की टोकाला? वर-खाली काय आहे?
३. वरचा पलंग कोणाच्या वाट्याला येणार?
४. जेवणात काय काय धरलंय? पिण्याचं पाणी, चहा?
५. शाकाहारी, जैन, साखरेच्या रुग्णांसाठी सोय आहे का?
६. रद्द केलं तर कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे परत?
७. कोणती ओळखपत्रं, परवाने लागतील? ते कोण काढणार?
८. बंदरावर किती वाजता पोहोचायचं?
९. उतरायचं कसं, धक्क्यावर की होडीतून?
१०. सामानात काय चालत नाही?